रंग नवा, लिफ्ट जुनी

कार्तिक महिन्यातली सकाळ. पंजाबमधील तलवंडी भाई या गावच्या मैदानावर धुक्यातून हळूहळू ट्रॅक्टरांच्या रांगा दिसू लागतात. लाल, निळे, हिरवे. काहींचा रंग इतका ताजा, की बोट लावले तर बोटाला लागेल. टायरांना काळे पॉलिश, बॉनेटवर नवे स्टिकर, स्टिअरिंगला रंगीत गोंडे. वय मात्र कुणाचे वीस वर्षे, कुणाचे तीस, तर कुणी चाळिशी ओलांडलेला. वरातीसाठी सजवलेल्या म्हाताऱ्या घोड्यांसारखे हे ट्रॅक्टर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे असतात.

अशाच एका सकाळी सहा किल्ल्यांचा धनी असलेला एक शेतकरी आपल्या तरुण मुलाला घेऊन बाजारात आला होता. पंजाबात एकराला किल्ला म्हणतात. भाताची कापणी उरकली होती आणि गव्हाची पेरणी तोंडावर आली होती. या दोन पिकांच्या मधले दिवस इथे मोजकेच असतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला, तर भाड्याचा मिळत नाही, कारण प्रत्येकाची घाई एकाच वेळी असते. शेतकऱ्याजवळ नव्या ट्रॅक्टरचे पैसे नव्हते. जुनाच घ्यायचा, पण तो पेरणीत दगा देणारा नको, एवढीच त्याची अट होती.

मुलाचे लक्ष एका लालभडक मॅसीवर खिळले होते. दलालाने ट्रॅक्टर सुरू केला आणि मागचा नांगर झर्रकन वर उचलून दाखवला.

“बघा सरदारजी, लिफ्ट एकदम नवी! पंप बदललेला आहे.”

शेतकऱ्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मान हलवली आणि शांतपणे म्हटले, “आता थंड आहे. अर्धा तास चालू द्या. गरम झाल्यावर बघू.”

या बाजाराचे सारे मर्म मिस्त्रीच्या त्या एका वाक्यात होते.

लुधियान्यापासून तलवंडीपर्यंत

तलवंडी भाई हे फिरोजपूर जिल्ह्यातले छोटे गाव. मोगा आणि फिरोजपूर यांच्या साधारण मध्यावर, हमरस्त्यावर वसलेले. लुधियाना–फिरोजपूर लोहमार्गावर त्याचे स्टेशनही आहे. पर्यटकांच्या नकाशात त्याला स्थान नाही. पण माळव्यातल्या, म्हणजे सतलजच्या दक्षिणेकडील पंजाबातल्या शेतकऱ्याला विचारले, तर तो जुन्या ट्रॅक्टरच्या बाजाराचे गाव म्हणून ते चटकन सांगेल. मोगा, बर्नाला, कोटकपुरा येथेही असे बाजार भरतात.

या प्रवासाची खरी सुरुवात लुधियान्यापासून करावी. होजिअरी आणि सायकलींसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचाही मोठा धंदा आहे. गिल रोडच्या बाजूला गेले, की दुकानांच्या दारांत गिअर, शाफ्ट, नांगराचे फाळ आणि रबरी कड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. शहराच्या दुसऱ्या बाजूला १९६२ मध्ये स्थापन झालेले पंजाब कृषी विद्यापीठ आहे. हरितक्रांतीच्या काळात गव्हाच्या ठेंगण्या वाणांवर इथे मोठे काम झाले. विद्यापीठाच्या आवारातच पंजाबच्या ग्रामीण जीवनाचे संग्रहालय आहे. चरखे, पितळी भांडी, फुलकारीचे भरतकाम आणि बैलांच्या काळातली अवजारे पाहिली, म्हणजे ट्रॅक्टरने या प्रदेशाचे आयुष्य किती थोड्या वर्षांत पालटले ते ध्यानात येते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये भरणारा विद्यापीठाचा किसान मेळाही पाहण्यासारखा असतो.

लुधियान्याहून जगराववरून मोगा साधारण ७० किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट शेते, मधूनच सफेद्याच्या रांगा, ढाब्यांबाहेर मांडलेल्या बाजा. मोग्याजवळचे ढुडीके हे लाला लजपतराय यांचे जन्मगाव. मोग्याच्या पुढे रस्त्याला ट्रॅक्टरांची वर्दळ वाढते. पुढे जुने ट्रॅक्टर बांधलेले ट्रक दिसू लागले, की तलवंडी भाई जवळ आले असे समजावे.

जुन्यांचा मान

पंजाबात जुन्या ट्रॅक्टरचे इतके कौतुक का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला. पुढच्या दशकात मद्रासमध्ये टॅफेने मॅसी फर्ग्युसन बनवायला घेतले आणि मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यात इंटरनॅशनल बी-२७५ तयार होऊ लागला. महाराष्ट्रातल्या अनेक वाड्यांवर आजही या बी-२७५ ची आठवण काढणारी जुनी माणसे भेटतात. १९७१ पासून हरियाणातील पिंजोर येथे एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉर बनावटीचे ट्रॅक्टर काढले. १९७४ मध्ये देशी संशोधनातून तयार झालेला स्वराज मोहालीहून शेतात उतरला.

यातल्या कितीतरी यंत्रांच्या निर्मात्यांनी आज ते नमुने बंद केले आहेत. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय तर केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. पण यंत्र अजून शेतात आहेच. शिवाय या जुन्या ट्रॅक्टरांभोवती एक वेगळीच माया गोळा झाली आहे. पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला याला एचएमटी ५९११ हा ट्रॅक्टर फार प्रिय होता. मे २०२२ मध्ये त्याची हत्या झाली, तेव्हा त्याची अंत्ययात्राही त्याच ट्रॅक्टरवरून निघाली. त्यानंतर गंजून पडलेल्या ५९११ ट्रॅक्टरांनाही पुन्हा रंग चढू लागले.

रंग चढवणे सोपे असते. इंजिनही आवाजावरून आणि धुरावरून बरेचसे कळते. लपून राहते ती हायड्रॉलिक लिफ्ट. आणि शेतकऱ्याचे काम तर तिच्यावाचून अडते.

फर्ग्युसनची देणगी

ट्रॅक्टरच्या मागचे दोन लोखंडी हात नांगर, पेरणी यंत्र किंवा कल्टिव्हेटर उचलतात आणि खाली ठेवतात. हे आज इतके सवयीचे झाले आहे, की त्यामागे कुणाची आयुष्यभराची धडपड आहे, हे आठवतही नाही. तो माणूस म्हणजे उत्तर आयर्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन.

पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढला जाई. फाळ दगडात किंवा मुळात अडकला, की चाके फिरतच राहत आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई. कित्येक चालक अशा वेळी उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडून मेले. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि त्याची खोली तेलाच्या दाबाने आपोआप राखण्याची व्यवस्था केली. तिचे पेटंट त्याला १९२६ मध्ये मिळाले. अडथळा आला, की वरच्या दांडीतून येणारा रेटा ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबतो. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार केला. पुढे तो करार मोडला आणि प्रकरण कोर्टात गेले, पण तोवर ही पद्धत जगभर पोचली होती. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला १९४६ पासून बनू लागलेले त्याचे छोटे करडे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक निघाले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, तेही अशाच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून.

मॅसी फर्ग्युसनच्या पोटात त्याच घराण्याचा पंप आहे. चार पिस्टनांचा हा पंप गिअरबॉक्सच्या मागच्या पेटीत, तेलात बुडालेला असतो. तो तेल ढकलतो, तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि हात वर जातात. इथे दाब किती असतो? मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोच्या आसपास दाब असतो. ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये तो दीडशे किलोच्या पुढे जातो. एवढा दाब अडवून धरणारी वस्तू कोणती, तर धातूच्या खाचेत बसवलेले बांगडीएवढे, कधी अंगठीएवढे रबरी कडे. त्यालाच मिस्त्री ओ-रिंग म्हणतात.

खडूची खूण

अर्ध्या तासाने तलवंडीच्या मैदानावर मॅसीचे तेल तापले. मिस्त्रीने नांगर पुन्हा उचलायला सांगितला. आता हात जड जड वर आले आणि वर गेल्यावर झोप आलेल्या माणसासारखे डुलक्या घेऊ लागले. थोडे खाली, पुन्हा झटक्याने वर.

“बापू, हा मान का हलवतोय?” मुलाने विचारले.

“आत कुठेतरी तेल सुटतंय, पुत्तर,” उत्तर मिस्त्रीनेच दिले. “हात खाली येतो, पंप पुन्हा वर ढकलतो. पुन्हा येतो, पुन्हा ढकलतो.”

मग त्याने इंजिन बंद करायला लावले. लिफ्टच्या हाताजवळ खडूने एक रेघ ओढली आणि तो सर्वांना घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेला. चहा संपवून परत येईपर्यंत नांगर जमिनीला टेकला होता.

दलालाचा चेहरा उतरला. सकाळी थंड तेल जाड असते, शिवाय काही जण मुद्दाम अधिक जाड तेल भरून ठेवतात. जाड तेल फटीतून लवकर निसटत नाही. ते तापून पातळ झाले, की लपवलेले सगळे बाहेर येते. म्हणून जाणकार माणूस जुना ट्रॅक्टर कधी थंडपणी पारखत नाही.

या परीक्षेचे गणित साधे आहे. ओझे उचललेच जात नसेल, तर पंपावर, तेल खेचणाऱ्या जाळीवर किंवा दाबाच्या व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. उचलले जाते पण टिकत नाही, तर कुठल्यातरी व्हॉल्व्हमधून, कड्यातून किंवा सिलिंडरमधून तेल परत पेटीत सुटते आहे असे समजावे. तेल ढवळलेल्या ताकासारखे फेसाळ पांढरट दिसले, तर हवा किंवा पाणी आत शिरते आहे. यातली हवा मोठी लबाड असते. पंपाच्या खेचणाऱ्या बाजूचे कडे फाटले, तर तिथून तेलाचा थेंबही बाहेर पडत नाही, उलट हवाच आत ओढली जाते. बाहेरून सारे कोरडे ठाक आणि आत पंप रडतो आहे, अशी तऱ्हा होते.

बराच वेळ घासाघीस झाली. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा झाला आणि सौदा ठरला. मुलाला वाटले होते, बापू आता दुसरा ट्रॅक्टर बघेल. मिस्त्री म्हणाला, “इंजिन सच्चं आहे. पोटाचा आजार आहे, बरा होईल. आणि आजार ठाऊक असलेला माणूस बरा, ठाऊक नसलेल्यापेक्षा.”

पंपाच्या पोटात

बाजाराच्या आसपासच्या रस्त्यावर वर्कशॉपांची रांग आहे. पत्र्याची शेड, वर चेन-पुली, खाली तेलाने काळी झालेली जमीन, एका कोपऱ्यात गुरू नानकांची तसबीर आणि तिच्यापुढे उदबत्ती. शेडमधली पोरे उस्तादाच्या हाताखाली शिकत असतात.

मॅसी आत आला. आधी थोडे तेल काढून बाजूचे झाकण उघडले गेले. उस्तादाने हात उचललेल्या स्थितीत, नांगराखाली लाकडी ठोकळे देऊन, बॅटरीचा झोत आत टाकला. पंपातून वर जाणाऱ्या उभ्या नळीच्या टोकापाशी तेलाची चकचकीत चादर खाली उतरत होती. रोग सापडला. चेन-पुलीने लिफ्टचे जड झाकण उचलले, नळी निघाली. तिच्या टोकाची ओ-रिंग एका जागी सुरी फिरवल्यासारखी कापली गेली होती.

“कोणीतरी सुकी बसवली,” उस्ताद म्हणाला. “तेलाचं बोट न लावता दाबली, ती कडेवर कापली.”

पण गोष्ट इथेच संपली नाही. तेल गाळणाऱ्या जाळीत लाल रबरासारखे तुकडे अडकलेले होते. आधीच्या कारागिराने कड्याच्या जागी आणि झाकणाच्या सांध्यावर ट्यूबमधला सीलंट भरपूर थापला होता. बाहेरून सांधा कोरडा दिसला. आत ओघळलेला सीलंट सुकून सुटला आणि पंपाच्या घशात जाऊन बसला. बाजारात ट्रॅक्टर उभा करण्यापुरती ती दुरुस्ती होती, शेतात नेण्यापुरती नव्हती.

उस्तादाने पंप पूर्ण बाहेर काढला. मॅसीत लिफ्टचे आणि गिअरचे तेल एकच असते. गिअरच्या दातांची झीज, धातूचे बारीक कण, सारे त्याच तेलातून पंपात जाते. म्हणून नुसते कडे बदलून भागत नाही. पेटी रॉकेलने धुवावी लागते, जाळी साफ करावी लागते आणि नवे तेल भरावे लागते. पुसायला सुती धागे सुटणारे फडके घेतले, तर तो धागाच व्हॉल्व्हमध्ये अडकतो. ही चूक नवशिका पोऱ्या हमखास करतो आणि उस्तादाची शिवी हमखास खातो.

शेजारच्या टेबलावर दुसऱ्या बनावटीचा पंप उघडलेला होता. त्यात पिस्टन नव्हते, दोन गिअर एकमेकांत फिरत होते. उघडण्यापूर्वी त्याच्या दोन्ही भागांवर रेघ मारलेली होती, म्हणजे जोडताना कुठलीही बाजू उलटसुलट होऊ नये. गिअरच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या बुशच्या मागे इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे एक वळणदार रबर असते. पंपाचाच दाब त्या रबराच्या आड साठतो आणि बुशला गिअरवर दाबून धरतो, त्यामुळे फट उरत नाही. हे रबर कडक झाले किंवा उलटे बसले, की दाब गळतो आणि धडधाकट पंपही आजारी वाटतो. कित्येक चांगले पंप केवळ या चार बोटांच्या रबरापायी भंगारात गेले आहेत.

तिसरी जागा शाफ्टची. फिरणाऱ्या शाफ्टवर ऑइल सील बसतो. त्याच्या ओठाला आतून बारीक स्प्रिंगची मिठी असते. ज्या बाजूचे तेल अडवायचे, त्या बाजूला स्प्रिंगचे तोंड हवे. इंजिनवर बसवलेल्या काही पंपांत दोन सील पाठीला पाठ लावून असतात. एकाचे तोंड पंपाकडे, दुसऱ्याचे इंजिनकडे. हे सील गेले, तर लिफ्टचे तेल गुपचूप इंजिनात उतरते. ट्रॅक्टरखाली एक थेंबही दिसत नाही, पण लिफ्टचे तेल घटते आणि इंजिनच्या तेलाची पातळी वाढते. इंजिनचे तेल आपोआप वाढताना दिसले, तर आनंद मानू नये, मिस्त्री गाठावा.

जुना सील वर्षानुवर्षे एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक खाच पाडतो. तिथे नवा सील बसवला, तरी तो गळतोच. बोटाच्या नखाने ती खाच तपासली जाते. नख अडकले, तर शाफ्टवर पातळ बाही चढवतात किंवा सील किंचित पुढे-मागे बसवून त्याच्या ओठाला नवी जागा देतात. सील बसवताना शाफ्टच्या धारदार खाचांवर चिकटपट्टी गुंडाळतात, नाहीतर ओठ आत जातानाच फाटतो. हातोडी थेट सीलवर कधीच मारायची नाही, त्याच्याच मापाचा लाकडी किंवा लोखंडी गोल ठोकळा ठेवून चहूबाजूंनी सारखे दाबायचे.

“आणि बोल्ट?” उस्तादाने पोऱ्याला विचारले.

“आमनेसामने, थोडे थोडे,” पोऱ्या पाठ म्हटल्यासारखा बोलला.

“आणि मग?”

“हाताने फिरवून बघायचं. अडकलं तर उघडायचं. आणि सुका पंप चालू करायचा नाही, आधी तेल पाजायचं.”

एका कड्याची कहाणी

या सगळ्याच्या मुळाशी असलेली ओ-रिंग कुणी शोधली, हे वर्कशॉपमधल्या कुणाला सांगता येणार नाही. ती घडवणारा नील्स ख्रिस्तेन्सेन हा डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला कारागीर होता. या कड्याच्या पेटंटसाठी त्याने १९३७ मध्ये अर्ज केला, तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते. पेटंट १९३९ मध्ये मिळाले. नुसते रबर महत्त्वाचे नाही, त्याला बसायला मिळणारी खाच महत्त्वाची, हे त्याने प्रयोगांनी शोधून काढले. खाच खूप घट्ट असेल तर कडे चिरडते, खूप सैल असेल तर ते दाब धरत नाही. नेमकी जागा मिळाली, की तेलाचा दाब जसा वाढतो तसे कडे फटीवर अधिकच घट्ट बसते. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी या कड्यांचा प्रचंड वापर झाला.

याच कड्याच्या दुर्लक्षाची किंमत जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिली. गोठवणाऱ्या थंडीत अमेरिकेचे चॅलेंजर यान उडाले. त्याच्या रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंगा थंडीने कडक झाल्या होत्या. त्यांनी वायू अडवला नाही आणि सात अंतराळवीरांचा बळी गेला. थंडीची सूचना अभियंत्यांनी आदल्या रात्रीच दिली होती, ती मानली गेली नाही.

तलवंडीतला उस्ताद यान बनवत नाही, पण रबर ओळखतो. खनिज तेलाला टिकणारे रबर नायट्राइल जातीचे असते. साधे रबर तेलात फुगते आणि लिबलिबीत होते. शंका आली, की तो नव्या किटमधले एक कडे रात्रभर तेलाच्या बाटलीत टाकून ठेवतो. सकाळी ते फुगलेले दिसले, तर सारे किट दुकानदाराला परत. जुने कडे हातात घेऊन दाखवण्याची त्याची सवयही बोलकी आहे. गोल कडे दाबात राहून राहून चपटे होते. “हे बघा, याची कंबर मोडली,” असे म्हणून तो ते गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. म्हणजे काय बदलले आणि का बदलले, हे गिऱ्हाइकाला कळावे.

किमतीने पाहता ही सामान्य वस्तू आहे. पण ती वाचवायच्या मोहात पडणारे शेवटी सारा पंप विकत घेतात.

जपण्याच्या गोष्टी

घरात ट्रॅक्टर असलेल्या कुटुंबांनी दोन गोष्टी तरी लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, उचललेल्या नांगराखाली किंवा रोटाव्हेटरखाली केवळ लिफ्टच्या भरवशावर कधीही हात घालू नये, मग माणूस कितीही घाईत असो. एका रबरी कड्यावर कित्येक किलोंचे लोखंड लटकत असते. ठोकळे द्यावेत, नाहीतर अवजार खाली ठेवावे. मुलांना तिथे खेळू देऊ नये.

दुसरी म्हणजे, चालू यंत्राच्या पाइपवर गळती कुठे आहे हे हाताने चाचपू नये. सुईच्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडीतून आत घुसते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही. तरीही वेळ न घालवता इस्पितळ गाठावे आणि तेल शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उशीर झाला, तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

बाजाराची दुसरी बाजू

तलवंडीसारख्या बाजारांत सारेच ट्रॅक्टर जुने नसतात. कधीकधी प्लास्टिकचे आवरणही न काढलेला कोरा ट्रॅक्टर रांगेत उभा दिसतो. पाहणाऱ्याला नवल वाटते. त्यामागची कथा मात्र दुःखाची असते. हातात रोकड नसलेला शेतकरी कर्जावर नवा ट्रॅक्टर उचलतो आणि तो तसाच कमी किमतीत विकून टाकतो. मिळालेल्या पैशांतून मुलीचे लग्न होते, आडत्याचे जुने देणे फिटते किंवा दवाखान्याचे बिल भागते. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या दारात जातो, हप्ते मात्र मूळ धन्याच्या नावावर राहतात. पंजाबच्या हिरव्या शेतांखालची ही कर्जाची ओल बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही.

म्हणूनच सहा किल्ल्यांच्या शेतकऱ्याने जुने यंत्र घेऊन ते नीट करवून घेणे, याला इथे कंजूषपणा समजत नाहीत. कर्ज न काढता पेरणी उरकणे ही त्याच्या घरची अब्रू असते.

पुढे हुसैनीवालापर्यंत

तलवंडीपर्यंत आलेल्या प्रवाशाने आणखी पुढे जायलाच हवे. गावाच्या आसपासचा हा सारा पट्टा रणभूमी आहे. डिसेंबर १८४५ मध्ये पहिल्या इंग्रज–शीख युद्धातल्या मुदकी आणि फेरोजशाह येथील लढाया इथेच झाल्या. फेरोजशाहला त्या युद्धाचे संग्रहालय आहे.

फिरोजपूरपासून जवळच, सतलजच्या काठी आणि पाकिस्तानच्या सरहद्दीला लागून हुसैनीवाला आहे. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी दिलेल्या भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांच्यावर इथे अंत्यसंस्कार झाले. फाळणीनंतर ही जागा पाकिस्तानात गेली होती, ती १९६१ मध्ये भारताने बारा गावांच्या बदल्यात परत मिळवली. पुण्याजवळच्या खेडचा, म्हणजे आजच्या राजगुरूनगरचा तरुण इतक्या दूर नदीकाठी विसावला आहे, या जाणिवेने मराठी माणसाचे पाय तिथे जड होतात.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना पंजाब मेल सोयीची आहे. १९१२ मध्ये सुरू झालेली ही गाडी मुंबईहून नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ या वाटेने फिरोजपूरला पोचते. मुक्काम फिरोजपूर किंवा लुधियान्याला करावा. डिसेंबर-जानेवारीतले दाट धुके टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. बाजाराचा दिवस मात्र आधी विचारून घ्यावा.

वर्कशॉपमध्ये संध्याकाळ झाली होती. मॅसीचे झाकण बसले, नवे तेल भरले, जाळी साफ झाली. सर्व कडी नवी होती आणि प्रत्येक कडे तेलात बुडवून बसवलेले होते. उस्तादाने अर्धा तास ट्रॅक्टर चालू ठेवला. तेल चांगले तापल्यावर मागे नांगर लावून उचलला. हात एका दमात वर गेले आणि स्थिर राहिले. इंजिन बंद झाले.

मुलाने स्वतःच खडू घेतला आणि रेघ ओढली. मग सगळे चहाला गेले. पोऱ्याने दोनदा उठून बघितले, मुलाने चारदा. ग्लास रिकामे झाले, पैशांचा हिशेब झाला, दिवे लागले. नांगर खडूच्या रेघेवर तसाच उभा होता.

शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. बॉनेटवरचा नवा रंग एका जागी खरवडला गेला होता. मुलगा त्याकडे बघून हळहळला.

“राहू दे,” बाप म्हणाला. “शेताला रंग दिसत नाही.”